घरचे सुतारकाम आणि करवतीपुढचा हात

(उरण येथे शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य आणि हौशी कारागीर यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

उरणच्या माणसाचे लाकडाशी असलेले नाते फार जुने आहे. करंजा आणि मोरा येथील किनाऱ्यावर पिढ्यान् पिढ्या होड्या बांधल्या गेल्या. होडीच्या फासळीसाठी नैसर्गिक बाक असलेले लाकूड नजरेने हेरायचे, वाकसाने तासायचे आणि फळीला फळी अशी भिडवायची की समुद्राच्या पाण्याला वाट मिळू नये, हे शास्त्र येथील सुतारांना पुस्तकाविना अवगत होते. जंगलातील लाकूडफाट्यावरचा गावकऱ्यांचा हक्क हा केवढ्या जिव्हाळ्याचा प्रश्न होता, याची साक्ष याच तालुक्यातील चिरनेर गावाने २५ सप्टेंबर १९३० रोजी दिली. त्या दिवशीच्या जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला आणि साध्यासुध्या शेतकऱ्यांनी प्राण वेचले.

काळ बदलला. १९८९ मध्ये न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. भातशेती आणि मिठागरे यांच्या जागी गोदामे, रस्ते आणि कंटेनरची आगारे उभी राहिली. लाकडी होडीची जागा फायबरची होडी घेऊ लागली. तथापि लाकूडकामाची आवड लोप पावली असे मात्र झाले नाही. ती किनाऱ्यावरून घराच्या पडवीत आली, एवढेच. आज कोणी निवृत्त कामगार नातवासाठी पाळणा करतो, कोणी शिक्षक पुस्तकांची मांडणी करतो, कोणी तरुण देव्हारा किंवा चौरंग करून चार पैसे मिळवतो. ही गोष्ट निःसंशय स्वागतार्ह आहे. मात्र या हौशीबरोबर घरात एक नवे यंत्र आले आहे. ते म्हणजे विजेवर चालणारी, मेजात बसवलेली गोल करवत. या यंत्राचे सामर्थ्य सर्वांना दिसते. त्याचा स्वभाव फारच थोड्यांना माहीत असतो. आजच्या विवेचनाचा विषय तोच आहे.

कामाची पारख

शिकणाऱ्याने केलेल्या वस्तूविषयी अभिप्राय देण्याच्या आपल्याकडे दोनच रीती रूढ आहेत. घरची माणसे भरभरून कौतुक करतात आणि जाणकार मिस्त्री ‘बरे आहे’ एवढेच बोलून पुढे जातो. दोहोंपैकी कशानेही शिकणाऱ्याच्या ज्ञानात भर पडत नाही. खरी पारख करावयाची तर वस्तू उलटी करून पाहावी. पॉलिश वरच्या बाजूला असते. काम कसे झाले याची हकिकत खालच्या बाजूला लिहिलेली असते.

समजा, एखाद्या तरुणाने स्टूल करून आणले. त्याच्या एका फळीची कड काळपट, करपलेली दिसली. पुष्कळ जण तिकडे दुर्लक्ष करतात किंवा पॉलिशखाली झाकून टाकतात. वास्तविक ही खूण फार बोलकी असते. पाते बोथट झाले होते, किंवा लाकडाला सरळ दिशा देणारी बाजूची पट्टी, जिला मिस्त्री ‘गाइड’ म्हणतात, ती पात्याशी समांतर नव्हती. लाकूड पाते आणि पट्टी यांच्यामध्ये आवळले गेले, घर्षण झाले आणि कड करपली. आता लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, लाकूड आवळले जाणे हेच ते उसळून कारागिराच्या अंगावर फेकले जाण्याचेही कारण असते. म्हणजे ज्या फळीची कड करपली, ती फळी कापताना अपघात थोडक्यात टळलेला असण्याचा संभव असतो.

दुसरी खूण म्हणजे कापलेल्या कडेवरील खोल, वळसेदार ओरखडे. काप चालू असताना लाकूड पट्टीपासून सरकले, असा त्याचा अर्थ. तिसरी खूण, स्टूल जमिनीवर डुगडुगते. पायांची टोके काटकोनात कापली गेली नाहीत. बहुधा पट्टीचा आधार न घेता केवळ हाताने लाकूड पात्यावर लोटले गेले. चौथी खूण मात्र दोषाची नसून सफाईची असते. वस्तूला दोन-दोन बोटांचे सुबक तुकडे जोडलेले दिसतात. येथे कौतुक करण्यापूर्वी एक प्रश्न अवश्य विचारावा : ‘एवढासा तुकडा कापताना तुझी बोटे कोठे होती?’

या चारही खुणांचा मथितार्थ एकच. वस्तूतील दोष आणि हाताला असलेला धोका यांचे मूळ पुष्कळदा समान असते. म्हणून कामाविषयी अभिप्राय देणाऱ्याने केवळ वस्तूकडे न पाहता ती कशी कापली गेली याचीही विचारपूस केली पाहिजे. ज्याचे यंत्र नीट जुळवलेले असते, त्याचे काम सुबक होते आणि त्याची बोटेही शाबूत राहतात.

यंत्राचा स्वभाव

हातकरवतीचा वेग हा माणसाच्या दंडाचा वेग असतो. हात थांबला की करवत थांबते. गोल करवतीचे तसे नाही. दहा इंच व्यासाचे पाते मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर त्याच्या दातांचा वेग ताशी सुमारे १४० किलोमीटर भरतो. बोटाला काही लागले हे कळून हात मागे घेण्यास माणसाला साधारणपणे सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो. तेवढ्या अवधीत पाते दहा फेरे पूर्ण करते. त्याला ४० दात असतील, तर ४०० दात त्या जागेवरून निघून गेलेले असतात. ‘लागताच हात काढून घेऊ’ हा विश्वास किती पोकळ आहे, हे या साध्या हिशेबावरून ध्यानात यावे.

बहुतेकांची समजूत अशी असते की, डुलकी लागली किंवा लक्ष विचलित झाले म्हणजेच हात पात्यावर जातो. तसेही घडते. परंतु अनेक अपघातांमागे आणखी एक कारण असते आणि ते म्हणजे लाकडाचा उलटा फटका. पात्याचे कारागिराकडील दात खाली जात असतात. पलीकडील दात वर येत असतात. चिरलेले लाकूड मागच्या बाजूने मिटले, किंवा ते तिरके होऊन मागच्या दातांत अडकले, तर ते दात त्याला उचलतात आणि पात्यावरून थेट कारागिराच्या दिशेने भिरकावतात. लाकडावर टेकलेला हात त्याच क्षणी पात्याकडे ओढला जातो. छातीला, पोटाला किंवा डोळ्याला मार बसतो तो निराळाच.

लाकूड मिटते का, याचे उत्तर झाडाच्या वाढीत आणि पावसाच्या पाण्यात आहे. वाढताना खोडात निर्माण झालेले ताण आणि असमान वाळण्यामुळे आलेले ताण चीर पडताच मोकळे होतात आणि फळीचे दोन भाग एकमेकांकडे झुकतात. उरणसारख्या खाऱ्या, दमट हवेच्या गावात, विशेषतः पावसाळ्यात, पुरते न वाळलेले लाकूड कापणे म्हणूनच जोखमीचे ठरते.

यावरील उपाय साधा आहे. पात्याच्या लगेच मागे, त्याच रेषेत, एक पोलादी पट्टी उभी असते. ती पात्याच्या चिरेत शिरते आणि लाकडाला मिटू देत नाही. पात्यावर एक झाकण असते. या दोन वस्तू काम करताना ‘मध्ये येतात’ म्हणून प्रथम काढून टाकल्या जातात, हे दुर्दैव होय. १९४८ च्या कारखाने अधिनियमाखाली महाराष्ट्रात १९६३ साली करण्यात आलेल्या नियमांमध्ये गोल करवतीसाठी मागची पट्टी, वरचे झाकण, मेजाखाली पात्याच्या दोन्ही बाजूंना संरक्षक पत्रे आणि लाकूड ढकलण्याची काठी यांची तरतूद करण्यात आली होती. मोठ्या कारखान्यात जी गोष्ट कायद्याने आवश्यक मानली गेली, ती घराच्या पडवीत अनावश्यक कशी ठरेल? पडवीत निरीक्षक येत नाही, परंतु पाते तेच असते.

हाताने पाळावयाचे नियम

नियम थोडे आहेत, ते ध्यानात ठेवण्यास सोपे आहेत. पाते लाकडाच्या वर जेमतेम दात दिसतील इतकेच उंच ठेवावे. लांब काप देताना लाकूड बाजूच्या पट्टीला आणि आडवा काप देताना आडव्या सरकत्या पट्टीला टेकलेले असावे. आधाराविना नुसत्या हाताने काप कधीही देऊ नये. एकाच कापासाठी दोन्ही पट्ट्या वापरल्यास कापलेला तुकडा मध्ये अडकून उसळतो, म्हणून तेही टाळावे. पात्याच्या सरळ रेषेत उभे न राहता थोडे बाजूला उभे राहावे. पात्यापासून वीतभर अंतरात बोटे नेऊ नयेत. तेथून पुढे काठीने ढकलावे. ही काठी विकत आणावी लागत नाही. पहिला काप देण्यापूर्वी तीच प्रथम करावी, कारण शिकणाऱ्याच्या हातून घडावयाची ती सर्वांत उपयुक्त वस्तू आहे.

हातमोजे घालून हे यंत्र चालवू नये. मोजा बोटाचे रक्षण करील हा समज चुकीचा आहे. दात मोज्याचे कापड पकडतात आणि त्याबरोबर हात खेचला जातो. लोंबती बाही, उपरणे, ओढणी, हातातील कडे यांचेही तेच. मेजावरचे कपटे पाते फिरत असताना हाताने झाडू नयेत. बटण बंद केल्यावरही पाते काही क्षण फिरत राहते, हे विसरू नये. पाते बदलताना केवळ बटण बंद करून भागत नाही. प्लग काढून तो डोळ्यांसमोर ठेवावा.

विजेच्या बाबतीत आणखी एक दक्षता घेणे अगत्याचे आहे. काप चालू असताना वीज गेली, तर पुष्कळ जण यंत्र तसेच सोडून बाहेर जातात. वीज परत येताच यंत्र आपोआप सुरू होते आणि त्या वेळी कदाचित मेजाजवळ लहान मूल असते. वीज गेल्यानंतर स्वतःहून बंद पडणारे आणि पुन्हा दाबल्याखेरीज सुरू न होणारे बटण मिळते. ते बसवून घ्यावे. खाऱ्या हवेत तारांचे जोड आणि स्क्रू लवकर गंजतात, म्हणून अर्थिंगची आणि गळती होताच वीज तोडणाऱ्या उपकरणाची तपासणी पावसाळ्यापूर्वी करून घेणे हिताचे ठरेल.

उलटा बसवलेला कटर

अलीकडे एक घातक प्रथा पडली आहे. फरशी कापण्याचा हातातील कटर प्लायवूडच्या फळीखाली उलटा आवळायचा, त्याला लाकडाचे पाते लावायचे आणि थोडक्या पैशांत ‘टेबल करवत’ तयार झाली असे समाधान मानायचे. हा कटर मिनिटाला १२ हजारांच्या आसपास फेरे घेतो. चार-साडेचार इंचांच्या पात्याच्या दातांचा वेग त्यामुळे ताशी २४० किलोमीटरच्या पुढे जातो. अनेक लाकडी पाती एवढ्या वेगासाठी बनवलेलीच नसतात. पात्यावर छापलेली फेऱ्यांची कमाल मर्यादा कोणी वाचत नाही. मागची पट्टी नसते, झाकण नसते आणि बटण फळीच्या खाली असल्यामुळे संकटाच्या क्षणी हाती लागत नाही. ग्राइंडरला लाकडाचे दातेरी पाते लावणे हाही त्याच जातीचा प्रकार आहे. काटकसर हा गुण खरा. परंतु ज्याला यंत्र घेणे परवडत नाही त्याने हातकरवत, रंधा, पटाशी आणि गुण्या यांवर काम करावे. करंजाच्या किनाऱ्यावरच्या होड्या याच हत्यारांनी घडल्या होत्या.

बंदराचे लाकूड

बंदराच्या परिसरात माल बांधण्याच्या लाकडी पेट्या आणि पॅलेट भंगारात स्वस्त मिळतात. घरगुती कामासाठी त्यांचा उपयोग करण्यास हरकत नाही, परंतु ते पारखून घेतले पाहिजे. देशोदेशींची कीड लाकडातून पसरू नये म्हणून २००२ साली आंतरराष्ट्रीय नियम ठरला. त्यानुसार अशा लाकडावर गव्हाच्या ओंबीचा शिक्का असतो आणि त्यावर प्रक्रियेची रोमन अक्षरे असतात. ‘एच टी’ म्हणजे लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सियस उष्णता किमान ३० मिनिटे दिलेली आहे. ‘एम बी’ म्हणजे मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे. पहिल्या प्रकारचे लाकूड घ्यावे. दुसऱ्या प्रकारचे घरात आणू नये. अज्ञात तेल किंवा रसायन सांडल्याचे डाग असतील, तर शिक्का कोणताही असो, ते लाकूड वर्ज्य समजावे.

दुसरा धोका लपलेल्या खिळ्यांचा. पॅलेटमध्ये आणि मोडीत काढलेल्या होडीच्या लाकडात गंजून आत तुटलेले खिळे राहतात. फिरते पाते त्यावर आदळले की दात निखळून गोळीसारखा सुटतो. म्हणून जुने लाकूड करवतीवर चढवण्यापूर्वी लोहचुंबक फिरवून आणि पटाशीने उकरून तपासावे. डोळ्यांवर चष्मा असावाच. लाकडाचा भुसाही निरुपद्रवी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीचा समावेश कर्करोगकारक पदार्थांत केला. नाकातील कर्करोगाशी तिचा संबंध आढळून आला आहे. तेव्हा नाकातोंडावर योग्य मास्क आणि कामाच्या जागी मोकळी हवा यांची उपेक्षा होता कामा नये.

बोटाचे मोल

अमेरिकेसारख्या यंत्रसंपन्न देशातही मेजावरील करवतीमुळे दरवर्षी सुमारे ३० हजार लोकांना तातडीच्या उपचारांसाठी रुग्णालयात जावे लागते, असा तेथील ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाचा अंदाज आहे. तेथे १९९९ मध्ये स्टीव्ह गॅस यांनी एक युक्ती शोधली. पात्यातून अतिसूक्ष्म विद्युत संकेत वाहतो. ओलसर त्वचेचा स्पर्श होताच तो बदलतो आणि अॅल्युमिनियमचा ठोकळा दातांत घुसून काही सहस्रांश सेकंदांत पाते थांबवतो. ही युक्ती स्तुत्य आहे, परंतु महाग आहे. आपल्या पडवीत तोवर काठी, पट्टी, झाकण आणि शिस्त यांवरच विसंबावे लागेल.

आपल्याकडील १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात एक अंगठा गेल्यास कमाईच्या क्षमतेची हानी ३० टक्के आणि एका हाताची चार बोटे गेल्यास ५० टक्के धरण्यात आली होती. ज्या घरात जाळे विणले जाते, वल्हे धरले जाते, भाताची लावणी होते, तेथे प्रत्यक्ष हानी याहून कितीतरी मोठी असते. शिवाय स्वतःच्या पडवीत स्वतःच्या यंत्रावर हात गमावणाऱ्याला मालक नसतो. त्यामुळे भरपाई मागावी तरी कोणाकडे?

प्रसंग ओढवलाच तर

जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात उंच धरावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. तुटलेले बोट फेकून देऊ नये. १९६५ साली जपानमध्ये पूर्ण तुटलेला अंगठा सूक्ष्म शस्त्रक्रियेने यशस्वीपणे जोडण्यात आला आणि तेव्हापासून हे शास्त्र पुष्कळ पुढे गेले आहे. बोट स्वच्छ, किंचित ओलसर कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करावे आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवावी. येथे कोळीवाड्यात बर्फाला तोटा नाही, पण त्यामुळेच एक इशारा देणे आवश्यक आहे. मासळीप्रमाणे बोट थेट बर्फात खुपसू नये. त्याने पेशी गोठून मरतात आणि शल्यविशारदाला जोडण्याजोगे काही उरत नाही. पूर्वी मुंबई गाठण्यासाठी मोऱ्याच्या लाँचची वाट पाहावी लागे किंवा लांबचा वळसा घ्यावा लागे. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी-न्हावा शेवा सागरी सेतूचे उद्घाटन झाल्यापासून हे अंतर बरेच आटोक्यात आले आहे. तथापि सेतू वेळ वाचवतो, बोट वाचवण्याचे काम पहिल्या दहा मिनिटांतील शहाणपणच करते.

शाळा आणि ग्रामपंचायत

१९३८ मध्ये झाकीर हुसेन समितीने पायाभूत शिक्षणाचा जो अभ्यासक्रम आखला, त्यात सुतारकामाला स्थान होते. हाताला शिस्त लागली की बुद्धीलाही लागते, हे त्यामागील तत्त्व. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावीपासून स्थानिक कारागिरांच्या सहवासात हस्तव्यवसायाचा अनुभव देण्यावर पुन्हा भर दिला आहे. शिक्षकांनी या संधीचा उपयोग करताना क्रम मात्र सोडू नये. आधी गुण्या आणि मोजपट्टी, मग हातकरवत, मग रंधा. विद्युत यंत्र हे शालेय वयातील मुलाचे काम नव्हे. गावातील वयोवृद्ध होडी-सुताराला वर्गात बोलावून मुलांच्या वस्तू उलट्यासुलट्या करून पाहावयास सांगावे. त्याच्या चार वाक्यांचे मोल मोठे असते.

ग्रामपंचायत सदस्यांवरही एक जबाबदारी येते. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसायांचा अंतर्भाव असून त्यांत सुतार आणि होडी बांधणारे हे दोन्ही आहेत. पात्र कारागिराला प्रशिक्षण, अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत साहाय्य आणि सवलतीच्या व्याजाने कर्ज अशी तरतूद आहे. ग्रामीण भागात अर्जाची पहिली पडताळणी ग्रामपंचायतीच्या पातळीवर होते. अर्जावर शिक्कामोर्तब करण्यापूर्वी सदस्यांनी कारागिराच्या कामाच्या जागी एकदा जावे. यंत्रावर झाकण आहे काय, मागची पट्टी आहे काय, भिंतीला ढकलण्याची काठी टांगलेली आहे काय, एवढे तीन प्रश्न विचारावेत. हा तपास कोणत्याही नियमाने बंधनकारक केलेला नाही आणि उणीव आढळली म्हणून अर्ज अडवावयाचाही नाही. परंतु सरपंचाने आपुलकीने विचारलेला प्रश्न कारागीर सहसा विसरत नाही, आणि काढून ठेवलेले झाकण दुसऱ्या दिवशी पुन्हा यंत्रावर चढण्यास तेवढेही पुरते.

बंधुभगिनींनो, लाकूड चुकले तर दुसरे आणता येते. काप चुकला तर सांधता येतो. चौरंगाचा एक पाय आखूड झाला, तर उरलेले तीन कापून बरोबरी साधता येते. हाताच्या बाबतीत ही सोय निसर्गाने ठेवलेली नाही. म्हणून यापुढे कोणी आपली वस्तू दाखवण्यास आणली, तर तिच्याकडे अवश्य कौतुकाने पाहावे. पण त्याआधी ती करणाऱ्याचे हात पाहावेत आणि पुढच्या खेपेलाही ते असेच दिसतील अशी व्यवस्था त्याने केली आहे ना, याची खात्री करून घ्यावी.